मदत हवी आहे: जीडीबीच्या टेस्ट लॅपटॉपवर पास, रास्पबेरीवर दर वेळी वेगळ्याच फेल

नमस्कार मंडळी,

जीडीबी या डीबगरच्या (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) ब्रेकपॉइंटवाल्या, म्हणजे प्रोग्राम ठरल्या जागी थांबवणाऱ्या, भागात एक छोटा पॅच (कोडमधला बदल) करून राहिलो आहे. पाठवण्याआधी टेस्टसूट दोन्हीकडे चालवून बघायचा आहे: लॅपटॉपवर नेटिव्ह (जीडीबी आणि प्रोग्राम एकाच मशीनवर) आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर रिमोट (प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर). जीडीबी लॅपटॉपवर, रास्पबेरीवर फक्त जीडीबीसर्व्हर, म्हणजे तिथे प्रोग्राम चालवून जीडीबीचं सांगणं ऐकणारा मदतनीस. टेस्टचे प्रोग्राम क्रॉस कंपायलरने (दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवणारा) इकडेच बनतात आणि एससीपीने (नेटवर्कवरून फाइल कॉपी) तिकडे जातात. बोर्ड फाइल (टेस्ट कुठे, कशा चालवायच्या ते सांगणारी) मीच लिहिली आहे.

नेटिव्हचं काम झालं. पॅचआधीची आणि पॅचनंतरची जीडीबी डॉट सम फाइल (टेस्टच्या निकालांची यादी) डिफ केली, काही फरक नाही. घोडं अडलंय ते रिमोटला. तिथे ढिगाने फेल. त्या ठरलेल्या असत्या तरी चाललं असतं, कारण आधीच्या आणि नंतरच्या याद्या जुळल्या की झालं. पण पॅच न लावता लागोपाठ चालवलं तरी यादी बदलते! मग पॅचमुळे काय बिघडलं हे ओळखायचं कसं?

लॉग वाचून थोडं कळलं. काही टेस्ट सरळ रन कमांड देतात. टार्गेट रिमोटने जोडल्यावर प्रोग्राम जीडीबीसर्व्हरने आधीच उभा करून ठेवलेला असतो, तिथे रन चालतच नाही. काही टेस्ट प्रिंटएफचं आउटपुट जीडीबीच्या टर्मिनलवर शोधतात, ते जातं जीडीबीसर्व्हरच्या टर्मिनलवर. या दोन्ही समजल्या, रोज त्याच असतात. त्रास टाइमआउटवाल्यांचा. वॉचपॉइंटची (व्हॅल्यू बदलली की प्रोग्राम थांबवणारा) एक टेस्ट सकाळी पास होते आणि दुपारी टाइमआउट. एकदा ती चुकली की तिच्यामागच्या पण धडाधड पडतात, कारण आधीच्या कमांडचं उत्तर पुढच्या कमांडच्या वेळी येऊन धडकतं.

रास्पबेरी कपाटावर राउटरशेजारी आहे, वायफायवर. खोलीत कुलर आहे, पण मे महिन्यात आमच्या नागपुरात दुपारी कुलरही गरमच हवा फेकतो.

टाइमआउट वाढवणं म्हणजे सारवासारव तर नाही ना? आणि रिमोटचे निकाल द्यायलाच हवेत, की नेटिव्हवर भागतं?

प्रतिसाद १

भाऊ, मधली एक पायरी कर. लॅपटॉपवरच टार्गेट बोर्ड म्हणून नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर (जीडीबीसोबतच येणारी तयार बोर्ड फाइल) देऊन मेक चेक, म्हणजे टेस्टसूटची कमांड, चालव. सर्व्हर त्याच मशीनवर, जोडणी लोकलहोस्टवर. म्हणजे नेटवर्क नाही, दुसरा प्रोसेसर नाही, फक्त रिमोट प्रोटोकॉल. इथे फेल झालं तर आधी प्रोटोकॉलवर संशय घे. इथे पास आणि रास्पबेरीवर फेल असेल तर मशीनवर किंवा नेटवर्कवर. मग नेटिव्ह-एक्स्टेंडेड-जीडीबीसर्व्हर पण लाव. एक्स्टेंडेडमध्ये रन चालतं, त्यामुळे तुझ्या पहिल्या ढिगातल्या बऱ्याच टेस्ट तिथे खरोखर तपासल्या जातील.

नेटिव्हवर भागत नाही. तुझा पॅच ब्रेकपॉइंटचा आहे ना? नेटिव्हला जीडीबी स्वतः मेमरीत ब्रेकपॉइंट लिहितं, रिमोटला झेड-शून्य पॅकेट (ब्रेकपॉइंट लाव असा निरोप) पाठवून सर्व्हरला लिहायला लावतं. रस्ताच वेगळा.

प्रतिसाद २

वॉचपॉइंटची टेस्ट कोणती, ते नाव लिहा हो. काही टेस्ट मुद्दाम हार्डवेअर वॉचपॉइंट (ज्यात प्रोसेसर स्वतः नजर ठेवतो) बंद करतात. मग जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरकून दर वेळी व्हॅल्यू बदलली का ते बघतं. लॅपटॉपवर ते खपून जातं. रिमोटला प्रत्येक पावलामागे पॅकेटची ये-जा, त्यात तुमचं वायफाय. साधारण टाइमआउट दहा सेकंदांचा, कसं पुरणार? बोर्ड फाइलमध्ये तो वाढवणं ही सारवासारव नाही, ती सोय त्यासाठीच आहे. टेस्टच्या फाइलमध्ये हात घातलात तर मात्र रिव्ह्यूत बोलणी खाल.

आणि सकाळी पास, दुपारी फेल म्हणताय तर तापमान बघा की! पाय ४ ऐंशी अंशांच्या आसपास आपला वेग स्वतःच कमी करतो. पंखा बसवा, लॅनची केबल लावा.

धागाकर्ता

ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं, तो खरंच तापून हळू होत होता. बर्डीच्या बाजारातून पंखा आणला, केबल लावली, बोर्ड फाइलमध्ये टाइमआउट साठ केला. लॅपटॉपवर नेटिव्ह-जीडीबीसर्व्हरची यादी आता दर वेळी तंतोतंत तीच येते, पॅच लावूनही. रास्पबेरीवरची यादी पण स्थिरावली. फक्त थ्रेड-लोकल (प्रत्येक थ्रेडचं वेगळं) व्हेरिएबल छापायची टेस्ट तिथे कायम फेल, पॅच असो वा नसो. लॅपटॉपवर नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर आणि एक्स्टेंडेड, दोन्हीकडे पास.

प्रतिसाद १

सिसरूट (जीडीबी टार्गेटच्या लायब्ररी जिथून वाचतं ती जागा) क्रॉस कंपायलरच्या फोल्डरवर लावला आहेस का? तिथली लिबसी (सीची मूळ लायब्ररी) आणि रास्पबेरीवरची लिबसी वेगळ्या व्हर्जनच्या असतील तर जीडीबी सर्व्हरला सिम्बॉलचे पत्ते चुकीचे देतं आणि लिबथ्रेड-डीबी (डीबगरला थ्रेडची माहिती देणारी लायब्ररी) तिथेच हात वर करते. सिसरूटला टार्गेट कोलन दे, म्हणजे लायब्ररी रास्पबेरीवरूनच वाचल्या जातील. सुरुवातीला वेळ लागेल, लागू दे. तरी फेल झालं तर सेट डीबग रिमोट १ करून (म्हणजे पॅकेटची ये-जा दिसेल) तेवढी एकच टेस्ट चालव आणि लॉग इथे चिकटव. पॅचसोबत ही जुनीच फेल आहे असं एका ओळीत लिहिलंस तरी पुरे, त्यासाठी पॅच अडकवू नको.