मदत हवी आहे: जुना डल्सिमर घेतला आहे, दुरुस्त करून घेऊ की आहे तसा ठेवू?

नमस्कार मंडळी,

तंतुवाद्यांतल्या जाणकारांची मदत हवी आहे. थोडं लांबेल, आधीच माफी मागते.

आम्ही दोन वर्षांपासून अमेरिकेत केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनला राहतो. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं की त्याच घरात सगळं सामान विकायला मांडतात. त्याला एस्टेट सेल म्हणतात. दुसऱ्याच्या कपाटांत डोकावत फिरणं मला अजून जड जातं. पण लेकीला अभ्यासाचं टेबल हवं होतं म्हणून गेल्या रविवारी गेलो. टेबल मिळालं नाही. मागच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी एक लांबट वाद्य पडलं होतं, ते घेऊन आले.

डमरू दोन्हीकडून ओढून लांब करावा तसा आकार. तबलीवर (म्हणजे वरच्या पातळ फळीवर) बदामाची (पत्त्यांतल्या, खायच्या नव्हे) चार भोकं. मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंच पट्टी आणि तिच्यावर सूर दाबायचे पडदे. लाकडी खुंट्या तीन, तारा दोनच, त्याही गंजलेल्या. चिठ्ठीवर ८५ डॉलर होते, पण रविवारी दुपारनंतर सगळं निम्म्यात देतात, त्यामुळे साडेबेचाळीसला पडलं. भोकातून मोबाइलचा उजेड टाकला तर आत पेन्सिलीने ३७ हा आकडा आणि १९६८ साल दिसतं. नावही आहे, पण इतकं पुसट की वाचता येत नाही. विकणाऱ्या बाईंनी 'डल्सिमर' एवढंच सांगितलं.

माझी तयारी म्हणाल तर लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिल्या, मध्यमा पूर्ण झाल्यावर सुटलं. तंबोरा लावता येतो. बाकी वाद्य म्हणून काही वाजवलेलं नाही.

आता दुखणी. शेपटीकडच्या बदामापासून तबलीला साधारण चार इंच लांब चीर गेली आहे. पाठ एका कडेने सुटली आहे, फटीत पोस्टकार्ड सहज जातं. खुंट्या धरत नाहीत, तार चढवली की भर्रकन उलट फिरतात. पडदे म्हणजे तारेचे वाकवलेले तुकडे आहेत, स्टेपलरच्या पिनांसारखे ठोकलेले, आणि तेही अर्धेच! पट्टीच्या एकाच कडेला, पहिल्या तारेखाली. बाकीच्या तारांखाली काही नाही. अर्धं काम करून कुणी सोडून दिलं असावं का?

सर्वांत वाईट म्हणजे एक पडदा गायब आहे. पहिली तार सा ला लावून चढत गेले तर सा रे ग म प ध बरोबर, पुढे थेट कोमल नी. शुद्ध नी नाहीच. यूट्यूबवर ज्या बाई शिकवतात त्यांच्या वाद्यावर तिथे एक जास्तीचा पडदा स्पष्ट दिसतो. शिवाय वरचा सा चांगलाच उतरलेला लागतो.

इथल्या एका गिटारच्या दुकानात दाखवला. त्यांचं म्हणणं: पिना उपटून पूर्ण रुंदीचे पडदे बसवू, राहिलेला पडदा घालू, लाकडी खुंट्या काढून गिटारच्या दातेरी चाव्या लावू, पॉलिश नवं करू. ३४० डॉलर. नवरा म्हणतो, एवढ्यात नवा येईल. मला काही सुचत नाहीये. करून घेऊ का? की यातलं काही घरी जमेल?

– खर्जातली

प्रतिसाद: भैरवी_अर्ध्यात

डल्सिमर म्हणजे संतूरसारखं काड्यांनी वाजवतात तेच ना? त्याला तर शंभरेक तारा असतात. तुम्हाला तीनच तारांचं काहीतरी भलतंच विकलं बहुतेक.

प्रतिसाद: चिकटपट्टी

चिरेत झटपट चिकटणारा गोंद सोडा, वरून दाबून धरा. दोन मिनिटांत काम. उगाच ३४० डॉलर कशाला?

प्रतिसाद: तारगहन

थांबा! गोंद बिंद काही नको. सगळ्यात आधी त्या दोन तारा सैल करा. चीर पडलेल्या तबलीवर ताण ठेवून तुम्ही सूर तपासत बसला आहात. आत्ता उठा आणि सैल करा, मग पुढचं वाचा.

माझं बालपण मिरजेचं, सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचो. मी कारागीर नाही, पण तबलीची चीर कशी बसवतात ते पुष्कळदा पाहिलंय आणि हौस म्हणून दोन तंबोऱ्यांवर करूनही पाहिलंय. डल्सिमर कधी हातात घेतलेला नाही. तरी लाकूड ते लाकूड.

झटपट गोंद आणि इपॉक्सी यांच्या वाट्याला जाऊ नका. ते लाकडात मुरून बसतात, पुढे कुणाला सांधा उघडायचा झाला तर लाकूडच फाटतं. सरस वापरा. ऊब आणि ओल दिली की सरसाचा सांधा सुटतो, म्हणून तंतुवाद्यवाले पिढ्यान् पिढ्या तोच वापरतात. दाणे थंड पाण्यात फुगवायचे, मग भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचे. साठ अंशांच्या आसपास ठेवा, उकळलात तर जोर जातो.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न. तुमच्याकडे आता हिवाळा, घरात हीटर चालू असणार. खोलीत आर्द्रता किती आहे?

प्रतिसाद: खर्जातली

तारा सैल केल्या. (ओरडा खाल्ला, पण बरोबर खाल्ला.) आर्द्रता मोजायचं यंत्र लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलं होतं, त्यावर २६ टक्के दिसतंय.

प्रतिसाद: तारगहन

मग चिरेचं कारण बहुतेक तेच. लाकूड आक्रसलंय. वाद्य एखाद्या बंद कपाटात ठेवा, सोबत भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज. वाद्याला पाणी लागता कामा नये. ४५ ते ५० टक्क्यांवर दोन आठवडे राहू द्या. अर्धी चीर आपोआप मिटेल. उघडी असताना गोंद भरलात तर पावसाळ्यात (तुमच्याकडे उन्हाळ्यात) लाकूड फुगेल आणि शेजारी नवी चीर पडेल.

प्रतिसाद: निळा_डोंगर

खर्जातली ताई, धागा उशिरा पाहिला. मी नॉक्सव्हिलला असतो, आठ वर्षं डल्सिमर वाजवतो. दुकानाला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका!

आधी भैरवी यांना: काड्यांनी वाजवतात तो हॅमर्ड डल्सिमर, संतूरचा नातेवाईक. हा माउंटन डल्सिमर. नाव सोडलं तर दोघांचा संबंध नाही. याचे पूर्वज जर्मन लोकांनी पेन्सिल्व्हेनियात आणलेली शाइटहोल्ट नावाची लांब पेटी. अ‍ॅपलॅचाच्या डोंगरात तिचं हे रूप झालं. (अ‍ॅपलेशिया म्हणालात की इथले लोक तुम्हाला लगेच बाहेरचे ठरवतात, हे अवांतर.) केंटकीने तर २००१ मध्ये याला राज्याचं अधिकृत वाद्य केलंय.

आता तुमचे अर्धे पडदे. कुणी काम अर्धवट सोडलेलं नाही, जुनी पद्धतच ती. वाद्य आडवं मांडीवर घ्यायचं. डाव्या हातात बोटभर लांबीची काडी धरून फक्त पहिल्या तारेवर घासत न्यायची, उजव्या हाताने पिसाच्या देठाने तिन्ही तारा छेडायच्या. उरलेल्या दोन तारा दाबायच्याच नसतात, त्या सा आणि प धरून वाजत राहतात. त्यांच्याखाली पडदे कशाला? तंबोरा लावता येतो म्हणालात, मग हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल.

आणि 'गायब' पडदा. तो कधी नव्हताच. यूट्यूबवाल्या बाईंकडे आहे तो सहा आणि सात यांच्या मधला, त्याला इथे साडेसहावा म्हणतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी सोयीसाठी घालायला सुरुवात केली आणि आता नव्या वाद्यांवर तो सर्रास असतो. तुम्ही मोकळ्या तारेला सा धरून चढलात, मिळाला खमाज थाट (थाट म्हणजे सात स्वरांची ठरलेली मांडणी). आता तीच तार खालच्या पंचमाला लावा, म्हणजे मधल्या तारेइतकीच, आणि तिसऱ्या पडद्याला सा म्हणा. तिथून दहाव्यापर्यंत जाऊन बघा, शुद्ध नी सकट बिलावल मिळेल. जुने लोक असंच लावायचे. मोकळी तार कोमल नी ला लावली तर पहिल्या पडद्यापासून आसावरी, मध्यमाला लावली तर चौथ्यापासून काफी. पडदे तेच, सा चं घर बदलतं. तो एक पडदा ठोकला की ही गंमत संपत नाही, पण शोधायची गरज उरत नाही.

तुमच्या राज्याच्या पूर्वेला नॉट काउंटी आहे. तिथला एड थॉमस १८७१ पासून डल्सिमर बनवायचा, तुमच्यासारखाच डमरूचा आकार आणि बदाम. तोही वाद्यांवर आकडा आणि तारीख घालायचा. त्याच्याकडून जेथ्रो अ‍ॅम्बर्गी शिकला आणि त्याने तिथल्याच हाइंडमन गावच्या सेटलमेंट स्कूलमध्ये सुतारकाम शिकवलं. तुमचा १९६८ चा यांपैकी कुणाचा आहे असं मी म्हणत नाही, त्या काळात त्या वळणाचं काम करणारे बरेच होते. पण आत आकडा आणि साल असलेल्या वाद्याच्या पिना उपटायच्या नाहीत आणि चाव्यांसाठी भोकं पाडायची नाहीत. ते परत फिरवता येत नाही.

उतरलेल्या वरच्या सा साठी पट्टी घ्या. डोक्याकडच्या अटीपासून (तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती पट्टी) सातव्या पडद्यापर्यंत किती, आणि तिथून घोडीपर्यंत (शेपटीकडे तारा टेकतात तिथपर्यंत) किती?

प्रतिसाद: खर्जातली

अटी ते सातवा पडदा साडेतेरा इंच. सातवा पडदा ते घोडी चौदा. घोडी चिकटवलेली नाही, बोटाने हलते.

प्रतिसाद: निळा_डोंगर

मग सापडलं. सातवा पडदा म्हणजे तारेचा बरोबर मध्य. घोडी साडेतेरावर आणा, फार तर तीळभर मागे. कुणीतरी पुसताना सरकवली असणार. जुनं वाद्य घेताना हे माप तिथेच घ्यायचं असतं. घोडी हलती असेल तर प्रश्न नाही. घट्ट बसवलेली असून माप चुकत असेल तर मात्र घेऊ नये.

तारा गिटारच्या घेऊ नका. तुमच्या वाद्याच्या शेपटीला खिळे असतील, तर टोकाला फासा असलेल्या तारा लागतील, बँजोच्या चालतात. पहिल्या दोन ०.०१२ इंचाच्या साध्या, खर्जाची ०.०२२ गुंडाळलेली.

प्रतिसाद: तारगहन

वा, हे पडद्यांचं मला माहीत नव्हतं. खुंट्यांचं राहिलं. बाहेर काढून पुसा, जिथे घासून चमक आली आहे तिथे फळ्यावरचा साधा खडू लावा, आणि पिळताना आत दाबत पिळा. तंबोऱ्याला करता तेच. पॉलिशला हात लावू देऊ नका.

प्रतिसाद: खर्जातली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. दुकानाला नाही म्हणाले.

कपाटात ठेवून ४६ टक्क्यांवर आणलं. चीर मिटून केसाएवढी राहिली. पाठीची फट बारीक सुरीने साफ केली, जुना सरस चहाच्या रंगाच्या पापुद्र्यांसारखा निघाला. पाठ उघडी होती तेवढ्यात चिरेच्या आतून दोन पातळ लाकडी चकत्या लावल्या, रेषा चिरेला आडव्या ठेवून (तारगहन दादांनी व्यनित, म्हणजे खासगी निरोपात, सांगितलं). मग पाठ चिकटवली. शिकंजे नव्हते, नवऱ्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून गुंडाळल्या. नवा घ्यायचं म्हणणारा तोच. एकूण खर्च तारा आणि सरस धरून ३१ डॉलर. एक पट्टी थोडी सरकली, त्यामुळे एका कोपऱ्यात ओठ राहिलाय, तो आता तसाच राहणार.

काल सा प प लावला. तिसऱ्या पडद्यापासून बिलावल मिळाला! लेक म्हणाली, आई, हे घाबरट तंबोऱ्यासारखं वाजतंय.

शेजारच्या आजोबांनी आवाज ऐकून टर्कीचं पीस आणून दिलं, त्यांची आई वाजवायची म्हणे. पण माझ्या हातात देठ सारखं दुमडतंय. कुठून कापायचं?

प्रतिसाद: निळा_डोंगर

दोन्ही बाजूंची लव पूर्ण काढा, जाड टोक हातात धरा आणि तारेला बारीक बाजू लागू द्या, दोनेक इंच बाहेर ठेवून. आणि पीस आजोबांसमोर वाजवा. एरवी दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनची पट्टी कापून घ्या, आम्ही सगळे तेच करतो.