हाताने शिवलेल्या पाकिटाचे टाके सैल पडतात

फोंडेकर: घरी चामड्याचं पाकीट शिवतोय, टाके सैल पडतात आणि नक्षीचे ठसेपण नीट उमटत नाहीत, काय करू?

म्हापसा४२: दोन सुया घे, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार काढायच्या आणि दर टाक्याला दोन्हीकडून सारखं खेचायचं. एखादा टाका तुटला तरी मशीनच्या शिवणीसारखं भराभर उसवत नाही, म्हणून मला हीच शिवण आवडते. दोरा मेण लावलेला, शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट.

मडगावकर: ठशांना व्हेज टॅनच (झाडाच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं चामडं) हवं रे, क्रोम टॅनवर (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्यावर) टिकत नाहीत. ओल्या स्पंजने पूस, मूळ रंग परत यायला लागला की ठोक.

फोंडेकर: थँक्यू दादा! आणि पावसात बुरशी?

म्हापसा४२: प्लास्टिकात अजिबात ठेवू नको, सुती कापडात गुंडाळ, अधूनमधून वारं लागू दे.