घाईत पास केलेल्या कायद्याला आमदार कोर्टात आव्हान देऊ शकतात का?

म्हापशेकर: पर्वरीला, गोवा विधानसभेत, अधिवेशनाच्या शेवटी बिलं धडाधड पास होतात, चर्चा नावालाच. विरोधी आमदार कोर्टात गेले तर काय होईल?

डिचोलीकर: नुसती घाई केली म्हणून कोर्ट हात घालत नाही, घटनेचं कलम २१२ आडवं येतं: विधानसभेच्या कामकाजाच्या पद्धतीत चूक झाली एवढ्यावरून कोर्टात प्रश्न विचारता येत नाही. पण घटनेचीच पायरी चुकवली तर प्रश्न वेगळा. २०१६ चा आधार कायदा मनी बिल (कर-खर्चाचं बिल, जे राज्यसभा अडवू शकत नाही) करून राज्यसभेला बगल दिली, म्हणून खासदार जयराम रमेश सुप्रीम कोर्टात गेले, २०१८ ला ४-१ ने हरले पण वेगळं मत देणाऱ्या न्या. चंद्रचूडांनी त्याला घटनेची फसवणूक म्हटलं, आणि २०१९ ला मनी बिलाचा मुद्दा सात न्यायाधीशांकडे पाठवला गेला.

मडगावची: आपल्याकडे विधान परिषदच नाही, अडवणारं दुसरं सभागृह नाही! म्हणून बिल सिलेक्ट कमिटीकडे (बिल तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे) पाठवा हा आग्रह आमदारांनी आतच धरायला हवा.