चिनी संगीत नाटकाचा इतिहास कशावरून लिहिला गेला?

परभणीकर:
नाट्यशास्त्राच्या निबंधासाठी चिनी ऑपेराचं इतिहासलेखन हा विषय घेतलाय. तुलनेला आपलं भारूड आणि गोंधळ. तिथल्या अभ्यासकांनी मुळात आधार कशाचा घेतला, संहितेचा की प्रयोगाचा?

जालनेकर:
चिनी अभ्यासक वांग ग्वोवेइंपासून सुरुवात करा. नाटक म्हणजे हलकं वाङ्मय, पंडितांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, अशी तोवरची समजूत. १९१३ च्या सुमारास त्यांनी जुन्या नोंदी चाळून सोंग आणि युआन घराण्यांच्या काळातल्या (दहावं ते चौदावं शतक) नाटकाचा सलग इतिहास मांडला. पण त्यांची सगळी भिस्त लिखितावर. युआन काळ त्यांना शिखर वाटे, पुढच्या मिंग आणि छिंग घराण्यांच्या काळातलं नाटक निर्जीव. तो राहिलेला काळ जपानच्या आओकी मासारूंनी १९३० च्या ग्रंथात घेतला.

उदगीरकर:
लिखिताचीही खात्री करून घ्या. युआन नाटकं म्हणून जी वाचली जातात, त्यांतली बरीच मिंगकालीन संपादक त्सांग माओशुनच्या १६१५-१६ च्या १०० नाटकांच्या संग्रहातली आहेत, आणि त्याने त्यांत भरपूर फेरफार केलेत. युआनकालीन छपाईतली ३० च उरली. ‘झाओचा अनाथ’ हे नाटक दोन्हीकडे आहे, ते शेजारी ठेवून वाचा. जुन्या प्रतीत चार अंक, जवळपास नुसती पदं. मुलगा सूडाची प्रतिज्ञा करतो आणि नाटक संपतं. मिंग प्रतीत पाचवा अंक जोडलाय आणि सूड घेतला जातो. या शेवटावरून युआन प्रेक्षकांची आवड ठरवली, की सगळा निष्कर्षच फसतो. म्हणून प्रत्येक उताऱ्यापुढे प्रतीचं साल टाका.

अंबाजोगाईकर:
प्रयोगाच्या बाजूने पाहायचं तर नाट्य-इतिहासकार चोउ यीपाय वाचायलाच हवेत. नाटक रंगमंचावरून पाहा, हा त्यांचा आग्रह फार मोलाचा आहे. शिवाय वस्तूंचा पुरावा आहे. शान्शी प्रांतात क्वांगशंग मठाजवळच्या जलदेवतेच्या मंदिरात १३२४ चं भित्तिचित्र आहे: समोर वेशभूषेतले नट, मागे ढोल-बासरीवाले, आणि एक जण पडदा सारून डोकावतोय. वर मंडळीच्या प्रमुख कलावंताचं नाव. त्याच प्रांतात होउमाला १२१० च्या थडग्यात विटांचा छोटा रंगमंच आणि पाच नटांच्या मूर्ती मिळाल्या. पात्रांचे प्रकार, वेश, वाद्यं यांतून कळतात. पदं कशी गायली, ते मात्र कळत नाही.

गोंधळाचं टिपण करताना हेच करा. संबळ कुणाकडे, तुणतुणं कुठे, दिवटी कोण धरतो, कथेच्या मधे कोण काय बोलतो, हे तारीख-गावासकट लिहा. भारुडाचं छापील पद आणि नाथषष्ठीला पैठणात सादर होणारं रूप, दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा.