मुंबई–न्यूयॉर्क : अंतर तेच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

प्रश्न :
मुंबई ते न्यूयॉर्क (जेएफके विमानतळ) अंतर संकेतस्थळावर १२,५४० किमी दिसतं, पण प्रत्यक्ष उड्डाणाच्या नोंदीत १३ हजारांच्या वर. जायला साधारण १६ तास, यायला साडेचौदा. तिकिटावर तर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी सातला पोहोच! हिशेब कसा लावायचा?

प्रतिसाद १ :
१२,५४० बरोबरच आहे. ते पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत जवळचं अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते आणि तिथेच फसगत होते. पृथ्वीगोलावर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो उत्तर-वायव्येला निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया करत आइसलँडच्या पूर्वेला ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळ पोहोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडावर उतरतो.

विमान मात्र दोऱ्यावरून जाऊ शकत नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. नुसतं मस्कतवरून वळवलं तरी अंतर १२,९०० च्या आसपास जातं. मस्कतपुढचा जवळचा रस्ता इराणवरून आहे, तोही टाळायचा तर आणखी भर.

प्रतिसाद २ :
वेळेतला फरक वाऱ्याचा. दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम हा जोरदार वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरा. जाताना समोरचा वारा सरासरी ५० ने मागे ओढतो, येताना तेवढाच पुढे ढकलतो. १३,२०० किमीला ८५० ने साडेपंधरा तास, ९५० ने चौदाच्या आत. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचा फेरा मिळून अर्धा तास त्यात धरलेला असतो.

घड्याळाचं गणित : निघायच्या वेळेत प्रवासाचे तास मिळवा, मग तिथला फरक वजा करा. ०१:३० + १६ तास = संध्याकाळी १७:३० (भारतीय). हिवाळ्यात त्यातून १०:३० वजा, म्हणजे सकाळी ०७:००. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा फक्त ०९:३० वजा करायचे. येताना हाच फरक मिळवायचा. नोव्हेंबरचं तिकीट काढताना बरेचजण इथेच चुकतात.

प्रश्नकर्ता :
धन्यवाद! मग लंडनमार्गे गेलं तर अंतर खूप वाढतं का?

प्रतिसाद १ :
नाही. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, एकूण १२,७५०. जेमतेम २१० किमी जास्त, कारण इतक्या लांबच्या प्रवासात मध्येच थोडं बाजूला वळलं तरी अंतर फारसं वाढत नाही. वेळ वाढतो तो थांब्यामुळे. तिकिटं निवडताना किलोमीटर बघूच नका, मधल्या थांब्याचे तास बघा. एखाद्या विमानाचा खरा वेळ हवा असेल तर फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाच्या मागच्या सात दिवसांच्या नोंदी उघडा आणि उड्डाण ते उतरणं एवढाच काळ मोजा.

प्रतिसाद २ :
न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहराला जायचं असेल तर तिथे इमिग्रेशन झाल्यावर सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यावं लागतं. समोरचा वारा जोरात असला की तासभर उशीर सहज होतो, म्हणून पुढच्या विमानासाठी निदान तीन तास ठेवा.