गच्चीवर आधी काय लावू, 'द थिंग' की 'ब्लेड रनर'?

कॉलेजरोडची_गच्ची: शनिवारी रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय, थंडी मस्त पडलीय त्यामुळे सगळे स्वेटर-कानटोपी घालून बसणार. पब्लिक सगळं 'इंटरस्टेलर'वालं आहे, त्यांना जुनं काहीतरी दाखवायचंय आणि मी या दोन साय-फाय पिक्चरांत अडकलोय. गंमत बघा, दोन्ही अमेरिकेत एकाच दिवशी लागले, २५ जून १९८२, आणि दोन्ही तेव्हा चालले नाहीत, 'ई.टी.' त्याच महिन्यात आलेला आणि मला वाटतं लोकांना तेव्हा प्रेमळ एलियनच हवा होता. आता एक मित्र म्हणतो पडलेल्या पिक्चरला कल्ट म्हणतात, बाकी त्यात काही नसतं. मला अजिबात पटत नाहीये. तुमचं काय मत?

सिडकोवाला: थिंग लाव भावा, विचारच करू नको. अंटार्क्टिकाचा बर्फ, एका तळावर अडकलेली माणसं, आणि यातला माणूस कोण न् माणसाची नक्कल कोण हेच कळत नाही. रॉब बोटिननं त्यातले राक्षस रबर, केमिकल, वायरी असलं काय काय वापरून बनवले, तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीसचा होता!! आजही ते बघताना अंगावर येतं कारण ती वस्तू खरंच कॅमेऱ्यासमोर होती, नटांच्या तोंडावर जो उजेड आहे तोच तिच्यावर पण पडलाय. पण माझा सगळ्यात आवडता सीन रक्ताच्या टेस्टचा, एक तापवलेली तार आणि काचेच्या डिशमधलं रक्त, बस, एवढ्यावर डायरेक्टर कार्पेंटरनं श्वास रोखून धरायला लावलाय. पुढचं सांगत नाही, गच्चीवर ओरडतील सगळे.

पंचवटीची_ताई: थिंग भारीच आहे पण मी 'ब्लेड रनर' म्हणेन. फक्त एक लक्षात ठेव, २००७ चा फायनल कट, म्हणजे डायरेक्टरनं आपल्या मनासारखा परत एडिट केलेला, तो शोधून लाव. १९८२ ला थिएटरमध्ये जो आला त्यात स्टुडिओनं हिरो हॅरिसन फोर्डचं निवेदन घातलं होतं, सगळं समजावून सांगतो तो, आणि शेवट गोड करायला कुब्रिकच्या 'द शायनिंग'चे उरलेले हेलिकॉप्टरचे शॉट्स जोडले होते. फायनल कटमध्ये हे दोन्ही नाही, त्यामुळे पाऊस, निऑन आणि वँजेलिसचं म्युझिक यांना जागा मिळते. पिक्चर संथ आहे हे आधीच सांगून ठेव. पण शेवटी पावसात रॉय बॅटी, म्हणजे त्यातला माणसासारखा बनवलेला व्हिलन, जी चार वाक्यं बोलतो ना, त्यासाठी दोन तास बसायची माझी कायम तयारी आहे.

पांडवलेणी_फॅन: मित्राला सांग, पडलेले पिक्चर हजारो आहेत, त्यातले बहुतेक कोणाला आठवत पण नाहीत. कल्ट म्हणजे ज्याला लोकांनी सोडलं नाही तो. 'तुंबाड' बघ ना, २०१८ ला आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावले, ते लोकांनी सहा वर्षं एकमेकांना "बघच" सांगून सांगून केलं. आणि आपण नाशिकवाल्यांनी तरी हातानं केलेल्या ट्रिक्सना जुनाट म्हणू नये, फाळके आपल्या त्र्यंबकचे, त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं शूट करून फिल्म केली होती, पडद्यावर रोप झरझर वाढतं! पैसे लावणाऱ्याला पटवायला तीच दाखवली. माझ्या मते आपल्याकडचं पहिलं साय-फाय डोकं तेच.

कॉलेजरोडची_गच्ची: वाटाण्याचं माहीतच नव्हतं, जबरदस्त. मग ठरलं, या शनिवारी थिंग, सगळे जागे राहतील, आणि पुढच्या शनिवारी ज्यांना आवडेल त्यांच्यासाठी फायनल कट. ताई, इंग्लिश सबटायटल चालू ठेवू ना?

पंचवटीची_ताई: ठेवच. आणि स्पीकर चांगला आण, प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर वँजेलिस ऐकवू नकोस कोणाला.