पावसाळी सहलीत धुक्याखेरीज काहीच दिसत नसेल, तर चूक कुठे होते?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघे, त्यात माझी 68 वर्षांची आई, तीन दिवसांच्या डोंगराळ सहलीला गेलो होतो. तीन दिवसांत सात ठिकाणे पाहण्याचा बेत होता आणि आम्ही सातही ठिकाणी वेळेवर पोहोचलो. मात्र त्यांतील पाच ठिकाणी कठड्याला टेकून समोर पाहिले, तर पांढऱ्या पडद्यापलीकडे काही नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ‘समोर खोल दरी आहे बरं का’ असे सांगितले, तेव्हा आई ‘तुम्ही म्हणता म्हणजे असेल’ एवढेच म्हणाली. ते वाक्य आमच्या घरात अजून ऐकवले जाते.

परतीच्या वाटेवर गाडीचे चाक पंक्चर झाले आणि घाटाच्या पायथ्याशी पाऊण तास थांबावे लागले. तेवढ्यात पाऊस थांबला, ढग वर सरकले आणि समोरचा सगळा डोंगर उघडा पडला. त्यावरून उतरणारे अकरा ओढे मी मोजले. पाहण्यासाठी म्हणून गाठलेल्या सात ठिकाणांपेक्षा, ज्याला नावही नाही असे ते ठिकाण आम्हा सर्वांच्या लक्षात राहिले आहे.

यंदा पुन्हा जायचे आहे. असे दृश्य पंक्चरच्या कृपेवर न सोपवता ते मिळण्याची शक्यता वाढवता येते का? आणि आईला बरोबर न्यावे का?

ढगाळ

तुम्ही ज्याला धुके म्हणता, तो डोंगरमाथ्यावर बहुतेक वेळा ढगच असतो. फरक इतकाच, की आपण त्याच्या आत उभे असतो. बाष्पाने भरलेली हवा डोंगराला अडून वर चढते, वर जाताना थंड होते आणि ठरावीक उंचीवर तिच्यातील बाष्पाचे थेंब होऊ लागतात. कठडे बांधलेली ठिकाणे नेमकी त्या उंचीच्या वर असतात, कारण ती कोरड्या ऋतूतील दृश्य डोळ्यांपुढे ठेवून निवडलेली असतात. पावसाळ्यात डोंगर वरून खाली नव्हे, तर खालून वर पाहावा, आणि पंक्चरने तुम्हाला तेच करायला लावले.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा ढोबळ अंदाज घरबसल्या काढता येतो. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तापमानाबरोबर दवबिंदूही, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते तापमान, दिलेला असतो. या दोहोंत जितक्या अंशांचा फरक असेल, त्याला 125 ने गुणले, की ढगाचा तळ त्या जागेपासून साधारण किती मीटर वर आहे ते कळते. पायथ्याच्या गावी तापमान 26 अंश आणि दवबिंदू 24 अंश असेल, तर ढग सुमारे 250 मीटरवर सुरू होतात. माथा त्या गावापासून 600 मीटर उंच असेल, तर वर जाण्यात अर्थ नाही. हे गणित दर वेळी तंतोतंत जुळत नाही, पण जावे की थांबावे, हे ठरवण्यापुरते ते पुरते.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. वाऱ्याला तोंड देणाऱ्या उतारावर पाऊस कोसळत असतो, तर पलीकडच्या पर्जन्यछायेच्या बाजूला हवा खाली उतरताना पुन्हा कोरडी होत जाते. मी मुक्काम या दोहोंच्या सीमेवर, किंचित कोरड्या बाजूला करतो. तेथून भरलेले आभाळ आणि त्याखालचा डोंगर दोन्ही दिसतात आणि कपडेही वाळतात, ज्याची किंमत तिसऱ्या दिवशी कळते.

उघडीप

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. आपल्या भाषेत रिपरिप, सर, झड, संततधार असे वेगवेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. झड लागली असेल, तर दवबिंदूचे कोणतेही गणित मांडून उपयोग नाही. त्या दिवशी खिडकीत बसावे. सरींचा पाऊस असेल, तर दोन सरींमधील उघडीप हेच आपले दृश्य. लहान ओढ्यांमागचे पाणलोट क्षेत्र छोटे असते, त्यामुळे ते जितक्या झटकन फुगतात तितक्याच झटकन ओसरतात. तुम्ही मोजलेल्या अकरांपैकी निम्मे ओढे संध्याकाळपर्यंत आटलेही असतील. म्हणूनच जोरदार सरीनंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास मोलाचा असतो, आणि तो साधायचा तर पाऊस पडत असतानाच त्या जागी असावे लागते. सात ठिकाणे करणाऱ्याला हे जमत नाही. एक जागा निवडा आणि तेथेच तीन दिवस राहा.

जेथे पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो, तेथे सकाळ मोकळी मिळते. जेथे दिवसभर ढग उतरलेले असतात, तेथे उलट ऊन थोडे चढल्यावर तळ वर सरकतो. कोणता प्रकार आहे हे तेथील माणसांना विचारावे, ते ॲपपेक्षा अचूक सांगतात.

इंद्रधनुष्य हवे असेल, तर सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर हवा. शिवाय सूर्य क्षितिजापासून 42 अंशांपेक्षा खाली असावा लागतो, त्यामुळे सपाटीवर उभे राहून ते भर दुपारी शोधणे व्यर्थ आहे. सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे पाहावे. छायाचित्रांबाबत एवढेच, की वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला, तर काचेवर लगेच बाष्प धरते. तो बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावा.

काठावरचा

मला थोडा विरसाचा सूर लावावा लागणार आहे. ‘पाऊस पडत असतानाच त्या जागी असावे’ हे वाक्य वाचून कुणी ओढ्याच्या पात्रात जाऊन बसू नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून एक ओढा ओलांडून पलीकडे गेलो. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, तो वरच्या अंगाला पडत होता. वीस मिनिटांनी परतलो, तेव्हा नितळ पाणी गढूळ झाले होते, त्यात पाने आणि काटक्या वाहत होत्या आणि तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. माझ्या मित्राने पाऊल टाकले आणि गुडघ्याखालीच असलेल्या पाण्याने त्याला आडवे केले. पाठीवरची पिशवी झाडाच्या मुळाला अडकली म्हणून तो हाती लागला. वेगाने वाहणारे 15 सेंटिमीटर पाणीही माणसाचे पाय उचलू शकते आणि 30 सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी वाहू शकते. रंग बदलणे, काटक्या येणे आणि आवाज वाढणे, यांतील एक जरी खूण दिसली, तरी काठ सोडून वर चढावे. आम्ही पलीकडच्या काठावर चार तास बसून राहिलो.

विजेबाबत: चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज सुमारे 10 किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा माथा आणि एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. कापलेल्या कड्याखाली, वरून बारीक खडे घरंगळत असताना, गाडी उभी करू नये. मग समोर कितीही सुंदर धबधबा असो.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. चाक बदलत असताना गाडी कड्यापासून लांब होती का, हे आता आठवून पाहतो आहे. आईचा प्रश्न मात्र राहिला.

उघडीप

त्यांना अवश्य न्या. ओल्या शेवाळावर चालण्याची गरज पडू नये, एवढे पाहा. निवडलेल्या खोलीला छप्पर असलेला ओटा किंवा रुंद खिडकी हवी, आणि ती रस्त्याकडे नव्हे, डोंगराकडे तोंड करून हवी. हे आरक्षणापूर्वी फोनवर स्पष्ट विचारून घ्या, कारण जाहिरातीतील चित्र बहुधा कोरड्या ऋतूतील असते. एक खुर्ची आणि एक शाल त्यांना पुरेल. तुम्ही तिघे भिजायला गेलात, तर उघडीप पहिल्यांदा त्यांनाच दिसेल.